तीन लाख नोकऱ्या कुठल्या, कुणाच्या?

17 सप्टेंबर 2025 रोजी मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याच्या बदनावर तहसिलीत, भैंसोला गावी पंतप्रधानांच्या हस्ते पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. त्याबरोबर तीन लाख नोकऱ्यांचा आकडाही घरोघर पोचला. धार आणि देवासमध्ये पवारांच्या संस्थानांच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी कुटुंबं आहेत. मुलाला आयटीआयच्या कुठल्या ट्रेडला घालायचं, मुलीला पुण्याला पाठवायचं की इथेच थांबवायचं, हे तिथले आईबाप असल्या आकड्यांवरून ठरवतात. म्हणून त्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

पहिला गैरसमज असा, की कुणीतरी धार जिल्ह्याचा अभ्यास करून हे तीन लाख मोजले आहेत. वस्तुस्थिती वेगळी आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये देशात अशा सात पार्कांना मंजुरी दिली आणि प्रत्येक पार्कमागे सुमारे 1 लाख थेट व 2 लाख अप्रत्यक्ष रोजगार धरले. आपल्या अमरावतीच्या पार्कलाही हाच हिशेब लावलेला आहे. म्हणजे हा योजनेचा ठोकताळा आहे. बदनावरच्या आसपास शिवणकाम जाणणारे हात किती आणि कामगारांना राहायला घरं किती, हे त्यात धरलेलं नाही. 2011 च्या जनगणनेत धार जिल्ह्यातल्याच पीथमपूर या कारखान्यांच्या गावाची लोकसंख्या 1 लाख 26 हजार होती. तीन लाख नोकऱ्या म्हणजे त्या अख्ख्या गावाच्या दुपटीहून जास्त. ‘अप्रत्यक्ष’ या सदरात ट्रकचालक, जिनिंगमधले मजूर, खानावळवाले असे सगळे येतात, आणि ते धार जिल्ह्यातलेच असतील असंही नाही.

नोकऱ्या मिळणार नाहीत, असं मला म्हणायचं नाही. निमाडचा कापूस जवळ आहे, जागा योग्य आहे. पण किती मिळतील हे कुठले कारखाने येतात त्यावर ठरेल. आजची सूतगिरणी बरीचशी यंत्रांवर चालते. कोट्यवधी रुपये ओतूनही तिथे माणसं मोजकीच लागतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात मात्र शिलाई मशीनच्या रांगाच्या रांगा असतात आणि तिथे बायकांना मोठ्या संख्येने काम मिळतं. तेवढ्याच गुंतवणुकीतून एकीकडे शेकडो रोजगार येतात, तर दुसरीकडे हजारो. म्हणून गुंतवणुकीच्या रकमेवरून नोकऱ्यांचा अंदाज बांधू नये. फेब्रुवारी 2025 मध्ये भोपाळच्या गुंतवणूकदार परिषदेत 30.77 लाख कोटी रुपयांचे प्रस्ताव जाहीर झाले. प्रस्ताव, जमीन, बांधकाम, यंत्रं आणि मग भरती, असा हा क्रम आहे. त्यातल्या प्रत्येक पायरीवर काही प्रस्ताव गळतात.

“कारखाना आपल्या जिल्ह्यात, म्हणजे नोकरी आपल्या पोरांना,” ही समजूत फार जुनी आहे. ऐंशीच्या दशकात मागास जिल्ह्याच्या सवलतींमुळे पीथमपूर उभं राहिलं. पुण्याच्या फिरोदियांची बजाज टेंपो आणि कायनेटिक होंडा तिथे गेली, आयशरचे ट्रक तिथे बनू लागले. पण पीथमपूर धार जिल्ह्यात असलं तरी त्याचं दार इंदूरकडे उघडतं. अभियंते, हिशेबनीस, अधिकारी रोज इंदूरहून बसने येतात आणि संध्याकाळी परत जातात. 2025 पर्यंत खुद्द धार शहरात रेल्वे आलेली नव्हती. इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी 2008 मध्ये झाली आणि काम अद्याप चालू आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेला कुक्षी, डही, गंधवानी हा आदिवासी पट्टा आहे. 2011 मध्ये धारच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा जवळपास 56 टक्के होता. त्या पट्ट्यातली माणसं मजुरीला गुजरात गाठतात. कुक्षीहून भैंसोला शंभर किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या तरुणासाठी ‘धार जिल्ह्यातली नोकरी’ हीसुद्धा परगावची नोकरी असते, आणि राहण्याची सोय नसेल तर ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

स्थानिकांना 70 टक्के नोकऱ्यांच्या अटीबद्दलही असाच घोटाळा होतो. डिसेंबर 2018 मध्ये मध्य प्रदेश सरकारने जाहीर केलेली ही अट सरकारी सवलत घेणाऱ्या उद्योगांना आहे, आणि तिच्यातला ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा रहिवासी. रीवाचा मुलगाही त्यात बसतो. देवासच्या बँक नोट प्रेसची गोष्ट याहून वेगळी: सत्तरच्या दशकापासून ती शहराची शान आहे, पण तिची भरती देशभरातल्या उमेदवारांसाठी खुली असते.

2023-24 च्या श्रमबल सर्वेक्षणात मध्य प्रदेशचा बेरोजगारी दर अवघा 1 टक्का आला, देशाचा 3.2 टक्के होता. तेव्हा इथे काम मुबलक आहे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. हा मला सगळ्यांत घातक गैरसमज वाटतो. या मोजणीत घरच्या शेतात बिनपगारी राबणारी सून आणि पदवी घेऊन वडिलांच्या सोयाबीनला हातभार लावणारा मुलगा हे दोघंही ‘रोजगारात’ धरले जातात. वर्षाचा मोठा भाग रिकामा गेला तरी तीसेक दिवस जोडकाम केलेलं असेल, तर माणूस बेरोजगार ठरत नाही. गरिबाला बेरोजगार राहणं परवडत नाही, म्हणून मागास भागात हा दर बऱ्याचदा कमी दिसतो. केरळचा दर त्याच वर्षी 7.2 टक्के होता. केरळमध्ये मध्य प्रदेशापेक्षा कमी संधी आहेत, असं कुणीही म्हणणार नाही. कामाचा दर्जा पाहायचा तर पगारपत्रक आहे का, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, हे विचारावं लागतं. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दर दहा कामगारांपैकी सुमारे चार ठेक्यावर आहेत.

देवासमध्ये सध्या एक भीती ऐकू येते: गाड्या विजेवर गेल्या की गिअरवाले घरी बसणार. गजरा गिअर्ससारखे कारखाने ज्या शहराने साठच्या दशकापासून पाहिले, तिथे ती स्वाभाविक आहे. पण दुचाकी आणि मोटारी जितक्या वेगाने बदलताहेत तितक्या वेगाने ट्रक आणि ट्रॅक्टर बदलत नाहीत, आणि विजेच्या गाडीलाही अचूक कातलेले गिअर लागतात, फक्त संख्येने कमी. काम एका झटक्यात जाणार नाही. कामाचं स्वरूप बदलेल. नुसता टर्नर मागे पडेल, सीएनसी चालवून मोजमाप तपासणारा टर्नर टिकेल.

कुठल्या व्यवसायात किती जागा निघतील, या अंदाजांबद्दल बोलताना लोक टक्केवारीला भुलतात. समजा, एखाद्या जिल्ह्यात सौर पॅनल बसवणारे 50 आहेत आणि ते 100 होणार. वाढ शंभर टक्के, जागा पन्नास. गवंडी 10,000 आहेत आणि पाच टक्केच वाढणार, जागा पाचशे. शिवाय माणसं निवृत्त होतात, धंदा बदलतात. अमेरिकेचा कामगार सांख्यिकी विभाग दरवर्षी आठशेहून जास्त व्यवसायांचा दहा वर्षांचा अंदाज काढतो, आणि त्यातही बहुतांश जागा नव्या वाढीतून नव्हे, तर अशा रिकाम्या होणाऱ्या खुर्च्यांतून येतात, असं दिसतं. जुन्या अंदाजांपैकी किती चुकले, हेही तो विभाग छापतो.

आपल्याकडे असा नेमाने निघणारा जिल्हावार अंदाज नाही. साहित्य मात्र आहे: व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण 2015 पासून आहे, भविष्यनिर्वाह निधीची आकडेवारी दर महिन्याला निघते, आणि जानेवारी 2025 पासून श्रमबल सर्वेक्षणाच्या नमुन्याची आखणी जिल्हा हा पाया धरून होते. हे सगळं जोडून भैंसोल्यात पुढच्या पाच वर्षांत शिलाई कारागीर किती लागतील, देखभालीचे फिटर किती, त्यांतल्या किती जागा कायम असतील, हे सांगण्याचं काम राज्य सरकारने हाती घ्यायला हवं. धारच्या आयटीआयमधल्या प्रत्येक ट्रेडच्या जागा त्या उत्तरावरून ठरायला हव्यात, आणि ते उत्तर प्रवेशाचे अर्ज निघण्याआधी आईबापांच्या हाती असायला हवं.