कंटेनरच्या पायाखालची जमीन

जुलै 2010 मध्ये अमेरिकेची अंतराळसंस्था नासा आणि सर्व्हर भाड्याने देणारी रॅकस्पेस ही कंपनी यांनी आपापल्या आज्ञावली एकत्र करून ओपनस्टॅक हा मुक्तस्रोत प्रकल्प सुरू केला. कोणत्याही संस्थेला स्वतःच्याच सर्व्हरांवर क्लाउड, म्हणजे मागणीनुसार संगणकीय क्षमता वाटून देणारी व्यवस्था, उभारता यावी, हा त्यामागचा हेतू होता. ही क्षमता मुख्यतः आभासी संगणकांच्या रूपाने दिली जाई आणि अशा प्रत्येक संगणकात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम चाले.

2013 मध्ये डॉकर या साधनामुळे कंटेनर सर्वांच्या आवाक्यात आले. कंटेनर म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या प्रक्रियांचा असा गट, की ज्याला ‘नेमस्पेस’ या सोयीमुळे शेजारच्या प्रक्रिया दिसत नाहीत आणि ज्याच्या मेमरीवर व प्रोसेसरच्या वापरावर ‘सीग्रुप’ मर्यादा घालतो. सर्व कंटेनर यजमान यंत्राचा एकच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वापरत असल्याने ते क्षणार्धात सुरू होतात. पण त्याच कारणाने कर्नलमधील एखादी गंभीर त्रुटी त्या यंत्रावरील सर्वांनाच धोक्यात आणू शकते.

म्हणूनच कंटेनरमुळे ओपनस्टॅक कालबाह्य झाले, हा समज उथळ आहे. कंटेनरांनाही यंत्रे, जाळे आणि साठवण लागतेच, आणि परस्परांवर विश्वास नसलेल्या वापरकर्त्यांमध्ये आभासी संगणकाची भिंत अधिक भक्कम ठरते. जिनिव्हाजवळील सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेने नेमकी हीच सांगड घातली: तिथे 2013 पासून ओपनस्टॅक वापरात आहे आणि 2016 पासून त्याच्या मॅग्नम या घटकाद्वारे संशोधकांना कुबरनेटीसचे, म्हणजे अनेक यंत्रांवरील कंटेनरांचे नियोजन करणाऱ्या प्रणालीचे, तयार समूह मागता येऊ लागले. 2017 अखेरीस जाहीर झालेल्या काटा कंटेनर्स या प्रकल्पाने तर प्रत्येक कंटेनरसमूहाला हलक्या आभासी यंत्रात बसवून त्याला स्वतःचा कर्नल दिला.

याहून विलक्षण आहे ती उलट दिशेची वाट. कोला या प्रकल्पात ओपनस्टॅकच्याच सेवा कंटेनरांत बांधल्या जातात, त्यामुळे एका सेवेला हव्या असलेल्या लायब्ररींचा दुसरीशी झगडा होत नाही आणि नवी आवृत्ती बसवणे बरेच सुकर होते. मात्र आवृत्ती बदलताना डेटाबेसची रचनाही बदलत असल्याने, जुना कंटेनर पुन्हा सुरू केला तरी ती रचना आपोआप पूर्ववत होत नाही. त्यासाठी डेटाबेसची प्रत आधीच काढून ठेवावी लागते.