बँकेचा उंबरठा आणि बाबासाहेबांचा इशारा

१९ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने एका अध्यादेशाने देशातील १४ मोठ्या खासगी बँका ताब्यात घेतल्या. तीनच दिवस आधी मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेण्यात आले होते. त्यामुळे हे पाऊल गरिबांसाठी उचलले की पक्षातील विरोधकांना नमविण्यासाठी, हा वाद तेव्हापासून चालू आहे. विद्वानांनी तो खुशाल घालावा. इंदोरा-पाचपावलीतल्या कष्टकरी माणसाचा प्रश्न निराळा आहे. त्या निर्णयाने आपल्या घरात काय आले, आणि जे आले ते टिकेल काय?

त्यापूर्वी बँका बड्या उद्योगघराण्यांच्या होत्या. शेतीच्या वाट्याला एकूण कर्जाचे जेमतेम दोन टक्के येत. गरिबाची बँक म्हणजे सावकार! राष्ट्रीयीकरणानंतर चित्र पालटले. १९६९ साली देशात सुमारे ८,२६० शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक खेड्यांत होत्या. १९७२ पासून दुर्बल घटकांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना आली. शिलाई मशीन, सायकलरिक्षा, पानठेला अशा लहान धंद्यांना बँकेचा पैसा मिळू शकेल, ही कल्पनाच नवी होती.

दुसरा लाभ याहून मोठा. बँका सरकारी झाल्या म्हणून तेथे राखीव जागा आल्या. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचेही तेच. १ मे १९७३ रोजी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले नसते, तर खासगी खाणमालकाने आपल्या मुलांसाठी किती जागा राखून ठेवल्या असत्या? शिकलेल्या पहिल्या पिढीला महिन्याचा निश्चित पगार मिळाला आणि त्या पगारावर दुसरी पिढी कॉलेजात गेली.

परंतु आंधळे कौतुक नको. कागदावर कर्ज सोपे होते. बँकेत मात्र जामीनदार विचारला जाई. ज्याच्याजवळ सातबारा नाही त्याला जामीन कोण राहणार? कर्जमेळाव्यांत पुढाऱ्यांचे फोटो निघाले, थकबाकी बँकांच्या माथी बसली. नागपूरची मॉडेल मिल १९७४ साली सरकारने घेतली, तरी तिचा भोंगा कायमचा वाजत राहिला नाही. मालक बदलला म्हणून यंत्रे नवी होत नाहीत. आणि ज्या हातांनी बँका घेतल्या, त्याच हातांनी १९७५ साली आणीबाणी लादली, हेही विसरता येत नाही.

येथेच बाबासाहेबांची आठवण होते. १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, असे मांडले. मात्र त्यांची अट होती की ही व्यवस्था संविधानातच लिहिलेली असावी. आज एका बहुमताने आणावी आणि उद्या दुसऱ्या बहुमताने मोडावी, असे होऊ नये. हुकूमशाहीवाचून समाजवाद, ही त्यांची वाट होती. ती मागणी मान्य झाली नाही. इंदिराजींचे राष्ट्रीयीकरण अध्यादेशाने व साध्या कायद्याने आले. म्हणूनच ते साध्या कायद्याने जाऊही शकते.

ही नुसती शंका नव्हे. २०१७ साली २७ असलेल्या सरकारी बँका विलीनीकरणानंतर २०२० मध्ये १२ उरल्या. २०२१ च्या अर्थसंकल्पात दोन बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली. बँक खासगी झाली की इमारत तीच राहते, पाटी तीच राहते. पण नव्या भरतीला राखीव जागांचे बंधन राहत नाही.

म्हणून वाचकहो, ज्या घरात बँकेची किंवा खाणीची नोकरी आली, त्या घराने ती कोणा नेत्याची कृपा मानू नये. तो कायद्याने आलेला हक्क होता. आज जेवताना मुलांना एवढे जरूर सांगा की आजोबांची नोकरी कशी आली, आणि ती देणारा कायदा उद्या बदलला तर आपण कोठे उभे राहणार?