ज्यूरी गेली, शिक्षेतली तफावत राहिली

गैरसमज : ज्यूरीने निर्दोष ठरवले म्हणून नानावटी सुटले.
वस्तुस्थिती : सुटतो तो या प्रकरणावर बेतलेल्या ‘रुस्तम’ चित्रपटाचा नायक. मुंबईत प्रेम आहुजांच्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी कावस नानावटींना निर्दोष ठरवले खरे. पण सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल पुराव्याला धरून वाटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नानावटींना माफी मिळाली ती पुढे, १९६४ मध्ये, राज्यपालांकडून.

गैरसमज : या एका खटल्यामुळे ज्यूरी बंद झाली.
वस्तुस्थिती : विधी आयोगाने ज्यूरी रद्द करण्याची शिफारस १९५८ मध्येच केली होती. प्रेम आहुजांचा खून झाला एप्रिल १९५९ मध्ये. फौजदारी खटल्यांतून ज्यूरीला कायमचा निरोप दिला तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. पारशी विवाहविषयक दाव्यांत न्यायाधीशांच्या जोडीला समाजाचे पाच प्रतिनिधी बसवण्याची तरतूद मात्र कायद्यात टिकून आहे.

गैरसमज : शिक्षा किती, हेही ज्यूरी ठरवत असे.
वस्तुस्थिती : आपल्याकडे ज्यूरी दोषी की निर्दोष एवढेच सांगे, शिक्षा न्यायाधीश सुनावत. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मात्र आरोपीने मागणी केल्यास शिक्षाही ज्यूरी ठरवते.

गैरसमज : ज्यूरी नसली की सारख्या गुन्ह्याला सारखी शिक्षा होते.
वस्तुस्थिती : उत्तर प्रदेशातल्या एकाच हत्याकांडात तिघांना फाशी सुनावली गेली. तिघेही सर्वोच्च न्यायालयात गेले, पण वेगवेगळ्या वेळी. एकाची याचिका १९७६ मध्ये फेटाळली गेली. दुसऱ्याची फाशी १९७७ मध्ये जन्मठेपेत बदलली. तरीही पहिल्याला ऑक्टोबर १९८१ मध्ये फाशी दिली गेली. तिसऱ्याच्या वेळी ही विसंगती न्यायालयापुढे आली आणि १९८२ मध्ये त्याची फाशी रद्द करण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे झाली. गुन्हा तोच होता आणि ज्यूरी कुठेच नव्हती.

गैरसमज : शिक्षेत फरक म्हणजे अन्यायच.
वस्तुस्थिती : चोरीसाठी कायदा तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो, नेमकी किती ते नाही. वय, पूर्वीचे गुन्हे, कटातला वाटा पाहून फरक व्हायलाच हवा. इंग्लंडमध्ये न्यायाधीशांना त्यासाठी लेखी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. आपल्याकडे तशी सर्वंकष तत्त्वे नाहीत. म्हणून दोन शिक्षांची तुलना करताना वर्षे मोजण्याआधी निकालपत्रातली कारणे वाचावीत. कारण न देता केलेला फरक अपिलात टिकणे अवघड असते आणि ते तसेच असायला हवे.