कोसंबींचा एच-इंडेक्स किती?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधकांचे सायटेशन-अहवाल तयार करणं हे माझं काम. बढतीच्या मुलाखती जवळ आल्या की प्राध्यापक मंडळी फायली घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, माझा एच-इंडेक्स किती झाला?" आकडा मी काढून देते. तो कसा बनतो हे ऐकायला थांबणारे थोडेच, म्हणून इथे लिहिते.

एखाद्या निबंधाचा आधार घेणारा संशोधक आपल्या संदर्भसूचीत त्याचा उल्लेख करतो. तो उल्लेख म्हणजे सायटेशन. जुन्या निकालाचा आधार पुढे कुठे कुठे घेतला गेला हे शोधायला अमेरिकेतले वकील एकोणिसाव्या शतकापासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' ही सूची वापरत. ती रीत विज्ञानाला लावावी असं युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली सुचवलं आणि १९६४मध्ये त्यांचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला. एका निबंधापासून विषय पुढे कसा सरकला हे शोधण्याचं ते साधन होतं; त्यावरून माणसांची प्रतवारी नंतर सुरू झाली.

एच-इंडेक्स तर २००५चा, होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाचा. समजा, कुणाच्या पाच निबंधांना अनुक्रमे २५, ८, ५, ३ आणि ३ सायटेशन्स आहेत. किमान तीन सायटेशन्सचे तीन निबंध मिळतात, किमान चारचे चार मिळत नाहीत, म्हणून एच-इंडेक्स तीन. पहिल्या निबंधाला २५च्या जागी अडीच हजार सायटेशन्स असती, तरी तीनच!

अशा वेळी मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यात जन्मलेले कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४४ साली, त्यांचा एक निबंध 'अॅनल्स ऑफ यूजेनिक्स'मध्ये आला. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर पुढच्या पिढीत ती किती वेळा वेगळी झाली त्यावरून काढतात. शंभरात वीस वेळा वेगळी झाली, तर जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या १९१९च्या सूत्राने अंतर २५.५ सेंटिमॉर्गन येतं, कोसंबींच्या या निबंधातल्या सूत्राने २१.२. गुणसूत्रांच्या तुकड्यांची प्रत्येक अदलाबदल हॉल्डेन यांनी स्वतंत्र धरली होती. एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते, हे कोसंबींनी हिशेबात घेतलं.

आज पिकांचे जनुकीय नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' हा पर्याय तयारच असतो. वापरणारा तो निवडतो, निबंधात 'कोसंबी सूत्र वापरलं' एवढं लिहितो आणि मूळ निबंध संदर्भसूचीत अनेकदा येतच नाही. संशोधन इतकं अंगवळणी पडतं की मूळ उल्लेखच गळतो, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी फार पूर्वी नोंदवलं आहे. १९४३मध्ये कोसंबींनी मांडलेली संख्याशास्त्रातली एक रीत तर पुढे ती स्वतंत्रपणे मांडणाऱ्या कार्हुनेन आणि लोएव यांच्याच नावाने रूढ झाली. त्यात कोसंबींनी काही गणिती निबंध 'एस. ड्यूक्रे' या टोपणनावाने लिहिले. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.

सायटेशनला पूरक म्हणून हल्ली सहलेखनाचं जाळं काढतात: प्रत्येक संशोधक एक ठिपका, एकत्र निबंध लिहिला की दोघांमध्ये रेघ. दोन अभ्यासगटांना कोण जोडतो हे त्यात छान दिसतं आणि मला ही पद्धत मनापासून आवडते. हंगेरीचे गणितज्ञ पॉल एर्डिश यांचे निबंध सुमारे दीड हजार आणि सहलेखक पाचशेहून अधिक. त्यांच्यापासून आपण किती रेघांवर आहोत, हे गणिती आजही हौसेने मोजतात. पण २०१५मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं त्यांची नावं आणि संस्था छापण्यात गेली. अशा एका निबंधाने माणूस पाच हजार जणांशी जोडला जातो. कोसंबी बहुतेक एकट्यानेच लिहीत, म्हणजे जाळ्यात ते कोपऱ्यात. प्रत्यक्षात जनुकशास्त्र, गणित आणि भारतीय इतिहास अशा तीन क्षेत्रांतले लोक त्यांना वाचतात. त्यांच्या १९५६च्या इतिहासग्रंथाचे उल्लेख पुस्तकांच्या तळटिपांत विखुरले आहेत. ते सायटेशनच्या कोशांत पुरते उतरत नाहीत. मराठीत लिहिणाऱ्या संशोधकांचं तर त्याहून कठीण.

केवळ नियतकालिकाच्या आकड्यांवरून संशोधक तोलू नये, असं २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितलं आहे. निवड समितीवर बसणाऱ्यांना माझी विनंती आहे: मी काढून दिलेला अहवाल जरूर बघा, पण मुलाखतीआधी अर्जदाराकडून त्याचे त्याच्या मते सर्वांत चांगले तीन निबंध मागवा आणि ते वाचून या. निबंध मिळवून द्यायला ग्रंथालय तयार आहे.