कायदा आणि गुन्हेशास्त्र : एकत्र अध्ययनाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्धा नदीच्या अलीकडच्या तीरावर राळेगाव तालुका आहे आणि पलीकडे दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा. अलीकडच्या परवान्याच्या दुकानातून रीतसर विकत घेतलेली बाटली पूल ओलांडताच मुद्देमाल ठरते, आणि ती पिशवीत घालून नेणारा मजूर, जो पुलाच्या या टोकाला केवळ गिऱ्हाईक होता, तो त्या टोकाला आरोपी होतो. हे कृत्य गुन्हा आहे काय, तो शाबीत कसा करावा आणि त्याला सजा कोणती, हे कायदा सांगतो. परंतु या कृत्याला गुन्हा ठरवावे असे समाजाला का वाटले, बंदी असूनही बाटली पूल का ओलांडते, आणि त्या मजुराला सजा झाल्याने तिचे जाणे थांबते काय, या प्रश्नांचा विचार गुन्हेशास्त्र करते. ही दोन शास्त्रे एकाच पदवीत शिकण्याची सोय आज उपलब्ध असताना, बारावीनंतर पुढे काय करावे या विवंचनेत असलेल्या आपल्या मुलामुलींना तिच्याविषयी जे ऐकावयास मिळते त्यात गैरसमजच अधिक असतात, म्हणून त्यांतील काहींचा येथे परामर्श घेत आहे.

गैरसमज १ : गुन्हेशास्त्र म्हणजे बोटांचे ठसे आणि रक्ताचे डाग.

वस्तुस्थिती : ठसे, रक्त, विष आणि बंदुकीची गोळी यांची तपासणी हा न्यायसहायक विज्ञानाचा विषय आहे, आणि ते शास्त्र निराळे आहे. आपल्याकडील चोरबीटीचेच, म्हणजे मान्यता नसलेल्या बियाण्याचेच, उदाहरण घ्यावे. पेरणीच्या तोंडावर कोणी शेतकरी बिनबिलाचे कापसाचे पाकीट घरी आणतो. त्या सरकीत तणनाशकाला दाद न देणारे जनुक आहे की नाही, हे प्रयोगशाळा सांगते. मान्यतेवाचून असे बियाणे विकणे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे, हे वकील सांगतो. परंतु ज्याने जन्मात ठाण्याची पायरी चढली नाही असा सरळमार्गी माणूस हे पाकीट का घेतो, निंदणाची मजुरी, ऐन वेळी न मिळणारी माणसे आणि शेजाऱ्याचे स्वच्छ शेत यांचा त्याच्या निर्णयावर किती भार असतो, आणि जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी हेच बियाणे उघडपणे पेरून कायदेभंग का केला, हे प्रश्न गुन्हेशास्त्राचे आहेत. प्रतिष्ठितांच्या व्यापारी अपराधांकडे याच शास्त्राचे लक्ष वळावे म्हणून एडविन सदरलँड या अमेरिकी अभ्यासकाने १९३९ मध्ये ‘पांढरपेशा गुन्हा’ ही संकल्पना मांडली. पाकीट घेणाऱ्याबरोबरच ते विकणाऱ्या साखळीचाही विचार करावयास ती शिकविते.

गैरसमज २ : यासाठी दोन स्वतंत्र पदव्या घ्याव्या लागतात आणि आयुष्याची आठ-दहा वर्षे जातात.

वस्तुस्थिती : बारावीनंतरचा एकात्मिक विधी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून त्यात कला, विज्ञान यांसारख्या शाखेची पदवी आणि कायद्याची पदवी एकत्र मिळतात. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधिशिक्षण नियमांनी ऑनर्ससाठी जे विषयगट आखून दिले, त्यांत ‘गुन्हा आणि गुन्हेशास्त्र’ हा स्वतंत्र गट आहे. प्रवेशासाठी बारावीला खुल्या वर्गास ४५ आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण लागतात. राज्यातील महाविद्यालयांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठासारख्या संस्थांसाठी ‘क्लॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. यवतमाळात अमोलकचंद विधी महाविद्यालय आहे. गांधीनगर येथील राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात विज्ञान आणि कायदा यांची जोडपदवीही घेता येते.

येथे एक खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. केवळ गुन्हेशास्त्राच्या पदवीने वकिलीची सनद मिळत नाही. त्यासाठी विधिज्ञ परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची कायद्याची पदवीच हवी. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी माहितीपुस्तिकेवरील नावाला न भुलता त्या संस्थेची मान्यता तपासून पाहावी.

गैरसमज ३ : गुन्हेगारी रक्तातच असते, तिचे शास्त्र ते काय करावयाचे?

वस्तुस्थिती : या एका समजुतीने आपल्या देशात जितकी माणसे नासविली तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या समजुतीने नासविली असतील. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि संबंध जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवून त्यांच्यावर नोंदणी आणि हजेरी लादली. त्यानंतर पाच वर्षांनी इटलीत लोंब्रोसो या वैद्याने जन्मजात गुन्हेगार कवटीच्या आणि जबड्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो, असा सिद्धान्त मांडला. १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंग याने इंग्लंडातील कैद्यांची मोजमापे घेऊन त्या सिद्धान्ताचे खंडन केले. म्हणजे या शास्त्राने आपली चूक आपणच दुरुस्त केली. कायद्याला मात्र अधिक काळ लागला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. तरी कोठे चोरी झाली की तपासाची पहिली पावले अजून पारध्यांच्या बेड्याकडेच वळतात, हे विदर्भातील कोणत्याही माणसाला सांगावयास नको.

असा संशय माणसाला कोठपर्यंत नेऊ शकतो याचे एक भयंकर उदाहरण आपल्या राज्यातच घडले आहे. २००३ मधील दरोडा, बलात्कार आणि खून यांच्या एका खटल्यात भटक्या जमातींतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देहान्ताची शिक्षा दिली. त्यांतील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे मागाहून सिद्ध झाले. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवून सर्वांना निर्दोष मुक्त केले आणि प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देवविली. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्यांची चौकशीच झालेली नव्हती. त्या ओळखीचा कागद दप्तरातच होता. परंतु आरोपी कोणत्या जमातीचे आहेत हे कळल्यावर असा कागद शोधण्याची निकड कोणाला वाटत नाही, आणि ती वाटावी म्हणूनच वकिलाने गुन्हेशास्त्र शिकावयाचे असते.

गैरसमज ४ : हे शास्त्र शिकलेला वकील गुन्हेगाराचीच कड घेतो.

वस्तुस्थिती : गुन्हा शाबीत झाल्यावर शिक्षेचे माप ठरविताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती पाहावी, असे सर्वोच्च न्यायालयाने देहान्ताच्या संदर्भात १९८० मध्येच सांगितले आणि २०२२ मध्ये त्यासाठी परिविक्षा अधिकाऱ्याचा, तुरुंगातील वर्तणुकीचा आणि मनोवैज्ञानिक तपासणीचा अहवाल मागविण्याचे निर्देश दिले. हे अहवाल वाचणे आणि त्यांतील उणिवा दाखविणे ज्याला साधते, त्याचा उपयोग सरकारी अभियोक्त्यालाही तितकाच होतो. शिवाय पीडितशास्त्र ही याच विद्येची शाखा आहे. जिच्यावर अत्याचार झाला त्या स्त्रीने जबानी उशिरा का दिली, तिच्या सांगण्यात तुटकपणा का येतो, हे ज्याला समजते तो तिची उलटतपासणी निराळ्या जबाबदारीने करील, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून चालू असलेल्या मनोधैर्य योजनेचे साहाय्य तिच्यापर्यंत पोहोचते की नाही हेही पाहील.

गैरसमज ५ : ही विद्या शहरातील मुलांची, राळेगावात तिचा उपयोग काय?

वस्तुस्थिती : अभियोक्ता, परिविक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळ आणि कारागृह प्रशासन या जागी ही विद्या उपयोगी पडतेच, आणि ज्याला न्यायाधीश व्हावयाचे आहे त्याला मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार आधी तीन वर्षे वकिली करावी लागणार असल्याने तालुक्याच्या न्यायालयातील उमेदवारीला नवे मोल आले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे ठरविल्याने, आतापर्यंत केवळ पंचनाम्यावर चालणाऱ्या खेड्यांतील खटल्यांतही शास्त्रीय पुरावा क्रमाने येत जाईल. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील माणसे यांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो. पण असा वकील आपल्या अशिलाला समजून घेणारा असेल तरच त्या मोफतपणाला अर्थ आहे.

या तालुक्यातील कोलाम पोडावरची एखादी म्हातारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून प्रश्न मराठीत ऐकते, मनात कोलामीत उत्तर जुळविते आणि ते मराठीत सापडेपर्यंत गप्प राहते. ते गप्प राहणे लपवाछपवीचे आहे की भाषेचे, हे ओळखणारा कोणी त्या दालनात असला पाहिजे. तो राळेगावातूनच शिकून गेलेला असावा, अशी माझी फार इच्छा आहे.