पंचेचाळीस जणांची खिंड

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा डोंगररांगेतून जाणारी जॉन म्यूर ट्रेल ही वाट सुमारे 340 किलोमीटरची. योसेमिटीच्या हॅपी आइल्सपासून थेट माउंट व्हिटनीच्या 4,421 मीटर उंच माथ्यापर्यंत. तिचं काम 1915 साली सुरू झालं आणि 1938 साली, ज्याच्या नावाची ही वाट त्या जॉन म्यूरच्या जन्मशताब्दी वर्षात, पुरं झालं. आज ती चालायची तर बूट-सॅकच्या आधी नशीब लागतं. योसेमिटीहून निघायचं तर सुमारे 24 आठवडे आधी अर्ज करायचा आणि सोडतीत नाव निघायची वाट पाहायची.

खरी मेख आहे डोनह्यू खिंडीत. योसेमिटीहून दक्षिणेला निघालेल्यांना ही खिंड ओलांडावीच लागते. गर्दी फार वाढल्यावर 2015 पासून इथून रोज 45 जणांनाच सोडायचं ठरलं. काही हुशार मंडळी म्हणूनच उलटी चालतात. दक्षिणेकडच्या कॉटनवूडसारख्या ठिकाणाहून शिरायचं आणि उत्तरेला योसेमिटीत उतरायचं. मग या 45 च्या हिशेबात आपण येतच नाही.

एकदा आत शिरलं, की मात्र बहुतेक ठिकाणी आज इथेच मुक्काम करा असं कुणी सांगत नाही. न्यूझीलंडच्या मिलफर्ड ट्रॅकवर याच्या नेमकं उलटं. हंगामात स्वतंत्रपणे चालणारे रोज फक्त 40 जण, एकाच दिशेने, आणि तिन्ही रात्री ठरलेल्या झोपडीतच. पाऊस असो की पाय सुजो. सिएरात माणसं मोजायची ती उंबरठ्यावर, आत मोकळीक. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. दमलेला माणूस घरी बसून आखलेला कार्यक्रम पाळत नाही, हे ज्याने नियम केला त्याला ठाऊक असावं.

मोकळीक मुक्कामाची, खाण्याची नव्हे. अस्वलांमुळे अन्न कडक कवचाच्या डब्यातच ठेवावं लागतं. डबा रिकामा असतानाच साधारण किलोभर जड. एका प्रकारच्या डब्याचं झाकण तर नाणं घालून फिरवल्याशिवाय उघडत नाही. अस्वलाकडे सुटे पैसे नसतात, एवढंच त्यामागचं तंत्र! शेवया, सुका मेवा कोंबून झालं की टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलमही त्यातच. ज्याला वास येतो ते सगळं अस्वलाच्या लेखी खाणंच. रात्री डबा तंबूपासून दूर, जमिनीवर ठेवायचा. कड्याच्या टोकाशी किंवा ओढ्याकाठी नको, कारण अस्वल तो लाथाडतं आणि सकाळी नाश्ता दरीत शोधावा लागतो.

परसाकडचा नियम सांगायला लाजायचं कारण नाही. पाण्यापासून दूर वीतभर खड्डा खणायचा, नंतर बुजवायचा आणि वापरलेला कागद पिशवीत घालून सोबत न्यायचा. व्हिटनीच्या परिसरात खड्डाही चालत नाही. तिथे वेगळी पिशवी वापरावी लागते. तिच्यातली भुकटी ओल शोषून घट्ट गोळा करते. माथ्याजवळ माती जवळपास नाहीच, खडकात कुजणार काय?

माथ्यावर वाट संपली, तरी मोटाररस्ता अजून सतरा-अठरा किलोमीटर खाली असतो. त्यामुळे दोन-तीन आठवडे चालून आलेला गडी शिखरावर हात उंचावून फोटो काढतो, तेव्हा ती पिशवी त्याच्या सॅकला लटकलेली असते. ती टाकायची कुंडी खाली, व्हिटनी पोर्टलला.