हवा नावाचा सुटा भाग

घरी टेस्ला कॉइल बनवायला निघालेल्या माणसाची खरेदीची यादी नुसती वाचली, तर तो प्लंबर आहे, वायरमन आहे की स्वयंपाकघर बसवून देणारा, ते कळणार नाही. सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, साधारण दोन फूट. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून २६ गेजची एनॅमल्ड कॉपर वायर. ती तोलून मिळते आणि अर्धा किलो पुरते. एसीवाल्याकडून पाव इंची कॉपर पाइप. किचन चिमणीचा अॅल्युमिनियमचा लवचीक पाइप. उरलेला बारीकसारीक माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत. या सगळ्याची नीट मांडणी केली की दोन-तीन फूट लांबीच्या जांभळट विजा फेकणारं यंत्र उभं राहतं.

यादीत एक भाग मात्र कधीच लिहिलेला नसतो, कारण तो विकत मिळत नाही. हवा! या यंत्रात हवा भोवताली नुसती असत नाही, ती कामाला जुंपलेली असते, आणि तीही एका वेळी अनेक कामांना. मला विचाराल तर टेस्ला कॉइलचं खरं नवल इथे आहे. ठिणग्या काय, सगळ्यांनाच दिसतात.

तारेपासून सुरुवात करू. पाइपावर ती वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळायची. एकही वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये. अर्ध्या मीटर उंचीत सुमारे १००० वेढे बसतात आणि त्यांत ३४५ मीटर तार जिरते. गुंडाळून झाल्यावर वॉर्निशचे दोन-तीन हात. ही झाली सेकंडरी. तिचं खालचं टोक जमिनीत स्वतंत्र ठोकलेल्या सळईला जोडायचं (घराच्या अर्थिंगला नव्हे, नाहीतर शेजाऱ्यांच्या टीव्हीपर्यंत प्रकरण जातं). वरचं टोक चिमणीच्या पाइपाचं जे वाटोळं कडं केलेलं असतं, त्याला. आणि तिथे तार संपते. कडं पुढे कशालाच जोडलेलं नसतं.

शाळेत शिकलेल्या सर्किटला हे मान्य होणार नाही. प्रवाह निघाला की त्याला परतीची वाट हवी, असं आपण बल्ब-बॅटरीपासून ऐकत आलो. इथे साडेतीनशे मीटर तार जाऊन हवेत लटकते, मग प्रवाह परततो कुठून? उत्तर असं की खोलीतून. कडं ही कपॅसिटरची एक पट्टी. जमीन, भिंती, टेबलं, बघायला जमलेली माणसं ही सगळी मिळून दुसरी पट्टी. मधली हवा हा त्यांच्यातला विद्युतरोधक. या अदृश्य कपॅसिटरची किंमत, कॉइलच्या स्वतःच्या धारितेसह, १८ पिकोफॅरॅडच्या आसपास भरते. छताच्या पंख्यातला अडीच मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर याच्या सुमारे १ लाख ४० हजार पट मोठा असतो. एवढ्याशा धारितेवर सगळ्या यंत्राचा सूर ठरतो. कुणी कॉइलच्या जवळ जाऊन उभं राहिलं तरी तो किंचित उतरतो, कारण दुसरी पट्टी जवळ आलेली असते.

निकोला टेस्ला इथपर्यंत आला तो लोखंडाला कंटाळून. विद्युतचुंबकीय लहरींवरचे हर्ट्झचे प्रयोग तो पुन्हा करून पाहत होता. त्या काळच्या रुम्कोर्फ कॉइलला त्याने वेगवान अल्टरनेटरमधून उच्च वारंवारितेचा प्रवाह दिला, तेव्हा तिचा लोखंडी गाभा इतका तापला की आतलं इन्सुलेशन वितळलं. पन्नास हर्ट्झला ट्रान्सफॉर्मरमध्ये गुमान काम करणारं लोखंड लाखो हर्ट्झला निव्वळ शेगडी होतं. मग त्याने गाभाच काढला, दोन कॉइलींमध्ये हवेची फट ठेवली, आणि अल्टरनेटरच्या जागी कपॅसिटरची धक्क्याधक्क्याने होणारी विसर्जनं आणली. २० मे १८९१ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात अमेरिकी विद्युत अभियंत्यांसमोर त्याने तार न जोडता उजळणाऱ्या नळ्या दाखवल्या.

आता गाभ्याची गोष्ट. प्रायमरी म्हणजे एसीच्या कॉपर पाइपाचे पायथ्याशी पसरट वळवलेले दहाएक वेढे. सेकंडरीत १००० वेढे. पुस्तकी ट्रान्सफॉर्मरच्या हिशेबाने व्होल्टेज शंभरपट व्हायला हवं; प्रायमरीला १५,००० व्होल्ट दिले तर वर १५ लाख. बरेच हौशी लोक हेच सांगतात आणि ते चूक आहे. टेस्ला कॉइल वेढ्यांच्या गुणोत्तरावर चालत नाही, ती सुरावर चालते.

सतारीवर मुख्य तार छेडली की खालची तरफेची तार कुणी हात न लावता बोलते, पण केव्हा? ती त्याच स्वराला मिळवलेली असेल तेव्हा. टेस्ला कॉइलमध्ये अशाच दोन तारा आहेत, फक्त त्या विजेच्या आहेत. प्रायमरीचं इंडक्टन्स सुमारे ३९ मायक्रोहेन्री, तिच्या जोडीला १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, गुणाकार ३९०. सेकंडरीचं इंडक्टन्स २१.६ मिलिहेन्री, म्हणजे २१,६०० मायक्रोहेन्री, आणि हवेतला कपॅसिटर ०.०१८ नॅनोफॅरॅड, गुणाकार ३८९. दोन्ही मंडलांचा तोंडवळा सर्वस्वी वेगळा, एक जाडजूड आणि आखूड, दुसरं बारीक आणि लांबलचक, तरी दोघांची स्वाभाविक वारंवारिता एकच येते, साधारण २५५ किलोहर्ट्झ. घरच्या कॉइलवर सगळ्यांत जास्त वेळ जातो तो हा मेळ बसवण्यात. प्रायमरीवर क्लिप अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे सरकवत राहायचं. एका जागी नुसती फुसफुस होते, बोटभर सरकवलं की कडाड!

मग व्होल्टेज किती चढतं? ते कपॅसिटर ठरवतात. कपॅसिटरमधली ऊर्जा त्याची धारिता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. खालच्या १० नॅनोफॅरॅडमधली सगळी ऊर्जा वरच्या १८ पिकोफॅरॅडमध्ये भरायची तर धारिता सुमारे ५५५ पट घटली, म्हणून व्होल्टेज त्याच्या वर्गमुळाने, साडेतेवीस पटीने वाढणार. १५,००० चे साडेतीन लाख. वाटेत गळती होते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे या यंत्राचा आकडा ठरवणारी वस्तू पुन्हा तीच, कड्याभोवतीची हवा. यातून एक मजेदार पेच निघतो. कडं मोठं केलं की धारिता वाढते आणि व्होल्टेजची कमाल मर्यादा खाली येते, पण ठिणग्या लांब होतात! मोठ्या कड्याचा बाक सौम्य असतो, त्यामुळे वीज अवेळी बारीक फुटून वाया जात नाही आणि साठलेला ऐवज एकदम बाहेर पडतो.

हे सगळं सुरू कोण करतं? बटण. आणि बटणही हवेचंच. पितळी बोल्टांच्या किंवा कॉपर पाइपाच्या तुकड्यांच्या मध्ये एकूण पाचेक मिलिमीटरची फट ठेवतात, म्हणजेच स्पार्क गॅप. निऑन साइनच्या ट्रान्सफॉर्मरमधून कपॅसिटर भरत असतो तोवर ही हवा भिंतीसारखी अडून असते. व्होल्टेज १५,००० च्या आसपास गेलं की ती फुटते, क्षणात तिचा वाहक प्लाझ्मा होतो आणि कपॅसिटर प्रायमरीतून रिता होऊ लागतो. तीन-चार आंदोलनांत, म्हणजे सुमारे १३ मायक्रोसेकंदांत, सगळी ऊर्जा सेकंडरीत पोचलेली असते. त्या वेळी फटीतली ठिणगी विझली नाही तर? तर ऊर्जा आल्या पावली खाली परतते. दोन जुळलेल्या सुरांचा व्यवहार दोन्हीकडून चालतो. म्हणून फटीवर पंखा किंवा ब्लोअर लावतात. फुटायला उशीर नको आणि विझायलाही, अशी या हवेकडून अपेक्षा, आणि हे सेकंदाला शंभर वेळा किंवा अधिक.

एका कडाक्यात ऊर्जा असते किती? सव्वा ज्यूलही नाही. शंभर ग्रॅम वजन एक मीटर उचलायला साधारण तेवढी लागते. पण ती १३ मायक्रोसेकंदांत हलते, त्यामुळे तेवढ्यापुरती शक्ती ८० किलोवॅटच्या पुढे जाते. भिंतीतल्या सॉकेटमधून मात्र तीनचारशे वॅट घेतले जात असतात.

अजून एक गोष्ट हिशेबात बसत नाही. कोरडी हवा फोडायला सेंटिमीटरला ३०,००० व्होल्ट लागतात, असा ढोबळ आकडा आहे. साडेतीन लाखांना मग बारा सेंटिमीटर ठिणगी पडायला हवी. प्रत्यक्षात ती दोन-तीन फूट जाते. कारण ठिणगी एका फटक्यात तयार होत नाही. पहिला कडाका हवेत गरम, आयनांनी भरलेली वाट पाडून जातो. ती वाट पुरती थंड होण्याआधी काही मिलिसेकंदांत दुसरा येतो, तयार रस्त्याने जातो आणि टोकाला थोडी नवी वाट पाडतो. एक वीज म्हणून जी दिसते ती अशी मागच्यांच्या खांद्यावर चढलेल्या कितीतरी विजांची असते. आणि ऐकू येतो तो आवाजही या फटक्यांचा. २५५ किलोहर्ट्झ कानाला कुठून कळणार, आपली हद्द २० ला संपते; पण सेकंदाला किती फटके पडतात ते कळतं. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या नव्या कॉइलींत ही संख्या हवी तशी बदलता येते. सेकंदाला ४४० फटके दिले की ४४० हर्ट्झचा स्वर निघतो, लाउडस्पीकरशिवाय, तापून फुगणाऱ्या हवेतून. त्यावर गाणी वाजवणारे लोक आहेत.

कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेतलं १८९९ सालचं ते प्रसिद्ध छायाचित्र अनेकांनी पाहिलेलं असतं: भोवती विजांचं तांडव आणि टेस्ला खुर्चीत शांत वाचत बसलेला. ते दुहेरी एक्स्पोजर आहे. विजा वेगळ्या टिपल्या, माणूस वेगळा. हे सांगायचं कारण, त्या चित्राने आणि त्यासोबतच्या एका गैरसमजाने पुष्कळ जणांना नको तितकं धाडस दिलं आहे. उच्च वारंवारितेचा प्रवाह कातडीवरूनच वाहतो म्हणून तो निरुपद्रवी, असं सर्रास सांगतात. तांब्यात तो खरोखर वरच्या ०.१३ मिलिमीटरमध्ये वाहतो. माणसाचं शरीर तांब्याइतकं वाहक नाही. त्याच वारंवारितेला शरीरासाठी ही खोली एक मीटरहून जास्त निघते, म्हणजे प्रवाह सरळ आतून जातो. झटका जाणवत नाही तो नसांना इतक्या भरभर बदलणाऱ्या प्रवाहाला दाद देता येत नाही म्हणून. भाजायचं ते आत भाजतंच. शिवाय प्रायमरीच्या बाजूला असलेला निऑन साइनचा १५,००० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पन्नास हर्ट्झचा आहे. तो सरळ जीव घेतो. बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो, म्हणून त्यावर रेझिस्टर कायमचा जोडलेला हवा आणि तरीही हात लावण्याआधी तो शॉर्ट करायचा. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर काढून वापरण्याचे व्हिडिओ पाहून कुणी प्रेरित झालं असेल तर त्याने कृपया विझावं. त्या ट्रान्सफॉर्मरने माणसं मेली आहेत. पेसमेकर असलेल्या माणसाने आसपास थांबू नये, आणि बंद खोलीत ओझोन साठतो.

तेव्हा सुरुवात नऊ व्होल्टच्या बॅटरीने करावी. वायरिंगच्या २५ मिलिमीटरच्या पाइपावर बारीक तारेचे तीनेकशे वेढे, त्याच्या पायथ्याशी जाड वायरचे तीन-चार. एक २एन२२२२ ट्रान्झिस्टर, २२ किलोओहमचा रेझिस्टर, एक एलईडी. यात स्पार्क गॅप नाही आणि सूर जुळवण्याची खटपटही नाही. सेकंडरीचं खालचं टोक ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडलेलं असतं. रेझिस्टरमधून बेसला प्रवाह मिळाला की ट्रान्झिस्टर चालू होतो, प्रायमरीत प्रवाह धावतो आणि सेकंडरीचं वरचं टोक उसळी घेतं. त्या उसळीसाठी लागणारा भार खालून, म्हणजे बेसमधूनच ओढला जातो. बेस रिकामा पडला की ट्रान्झिस्टर बंद, उसळी ओसरते, भार परततो, पुन्हा चालू. कॉइल आपला ठेका आपणच ट्रान्झिस्टरला सांगत राहते. जवळ सीएफएल धरला तर तो तारेशिवाय उजळतो. फिलामेंट गेलेली, भंगारात टाकलेली ट्यूबही चालते, कारण इथे उजळतो तो आतला वायू, फिलामेंटचं कामच नाही. वरच्या टोकाला बोट टेकवलं तर मात्र बारीक चटका बसतो. ट्रान्झिस्टर लवकर तापतो, त्याला हीटसिंक लावावी. आणि सगळं बरोबर जोडूनही काहीच उजळलं नाही, तर बहुधा प्रायमरीचा धक्का उलट्या दिशेने बसत असतो. तिच्या दोन टोकांची अदलाबदल करावी.